पाणी भरेपर्यंत

आमच्या घरात फोनवर बोलण्याचं खातं आईकडे होतं. बाबा फोन उचलायचे, पण फक्त उचलण्यापुरता. "हॅलो. हां. बरी आहेस ना? थांब, आईला देतो." हे एवढं बोलताना ते चालत असत, आणि शेवटच्या शब्दापर्यंत स्वयंपाकघरात पोचलेले असत. पुढचा अर्धा तास आई. मध्येच ती म्हणायची, "बाबा म्हणतायत, थंडीत कानाला बांधत जा." मागून बाबांचा आवाज यायचा, "मी काही म्हणत नाहीये." आई म्हणायची, "मनात म्हणतायत."

मी आयर्लंडला आले, आधी लिमरिकला शिकले, मग डब्लिनला नोकरीला लागले, आणि या सगळ्या वर्षांत बाबा आणि मी एकमेकांशी जे काही बोललो ते आईच्या हातचं होतं. ती आमच्या बातम्या निवडून, निसून, फोडणी घालून पलीकडे वाढायची. माझं लग्न मोडलं तेव्हा बाबांपर्यंत ते "तिला जरा कामाचा ताण आहे" असं पोचलं. बाबांची बायपास माझ्यापर्यंत "यांची एक तपासणी झाली" अशी आली. आणि डब्लिनच्या घरभाड्याला कंटाळून मी किल्डेअरमधल्या एका गावाजवळ कालव्यात उभी असलेली चाळीस फुटी नॅरोबोट घेऊन तिच्यात राहायला लागले, तेव्हा आईनं बाबांना सांगितलं की मुलीनं तळमजल्यावर घर घेतलंय, वॉटर-फेसिंग आहे.

एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

आई गेली ती एका दिवसात गेली. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, बाबांनी तिला दवाखान्यात नेलं, आणि पहाटे ती गेली. माझ्या धाकट्या मावशीनं मला कळवलं. पण त्याच्या आदल्या दुपारी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, मला बाबांचा फोन आला होता. मी डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकमधल्या ऑफिसात हातात सँडविच घेऊन उभी होते. बाबांचं नाव पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "हां बाबा, द्या आईला." ते म्हणाले, "झोपलीय." मग जरा थांबून, "जेवलीस का?" मी म्हणाले, जेवतेच आहे. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. आई तेव्हा आयसीयूत होती.

विमानानं मी पोचले नसतेच, तेवढा हिशेब मलाही येतो. पण कुणीतरी तिच्या कानाला फोन लावू शकलं असतं. काही नाही तर "अगं ए" एवढं तरी मी म्हणाले असते. बाबांनी मला खोटं का सांगितलं, हा एकच प्रश्न मी पुण्याला जाताना घेऊन गेले, तेराव्यापर्यंत तोंडात धरून ठेवला, आणि तसाच परत आणला. विचारणार कुणाला? असले प्रश्न मी बाबांना आईमार्फत विचारत असे.

नातेवाइकांनी ठरवलं की बाबांनी एकटं राहायचं नाही. मी एकुलती एक, म्हणजे मतदानाची गरजच नव्हती. तीन महिन्यांचा व्हिसा होईपर्यंत मे उजाडला, आणि एका शनिवारी सकाळी मी बाबांना विमानतळावरून आणून कालव्याच्या काठावर उभं केलं.

बाबांनी बोटीकडे पाहिलं. बोटीच्या टपावर कोळशाची पोती, सायकल आणि पुदिन्याची कुंडी होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, म्हणजे ज्याच्या तळमजल्यावर मी राहते ती इमारत कुठं आहे ते.

"हे काय आहे?"

"घर."

मग त्यांनी बॅग उचलली. "वॉटर-फेसिंग," असं स्वतःशीच म्हणाले, पायरी उतरले आणि दारात डोकं आपटून घेतलं.

नॅरोबोट म्हणजे एक लांबलचक बोळ. रुंदी एवढी, की मी मध्ये उभी राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. एका टोकाला माझा बिछाना, मग मोरी, मग स्वयंपाकाचा कट्टा, शेगडी, आणि दुसऱ्या टोकाला बाबांसाठी उघडलेला सोफा. समोरासमोर आलो की एकानं मोरीत शिरायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. ज्या दोन माणसांनी आयुष्यात एकमेकांशी सलग पाच मिनिटं बोलणं केलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

पहिले दोन आठवडे आम्ही फार सभ्यपणे वागलो. "चहा?" "ठेव." "साखर?" "नको." मी आठवड्यातले तीन दिवस ट्रेननं ऑफिसला जायचे आणि उरलेले दिवस कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंग करायचे, तेव्हा बाबा मुद्दाम टाचा उचलून चालायचे, त्यामुळे बोट जास्तच डुलायची. सकाळी उठल्यावर मला व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात यायचं, बोटीच्या दुसऱ्या टोकावरून. मी नमस्काराचे हात पाठवायचे. मग दोघंही दात घासायला उठायचो.

नागपूरच्या आत्याचा व्हिडिओ कॉल यायचा. बाबा फोन हातात धरून बसायचे, तेवढ्यात शेजारून एखादी बोट जायची आणि आत्याला आमचं छत, शेगडी, बाबांची हनुवटी असं सगळं सरकताना दिसायचं. "दादा, तुझे हात का रे थरथरतायत?" ती काळजीनं विचारायची. बाबा म्हणायचे, "घर हलतंय." आत्यानं मला वेगळा फोन करून सांगितलं की दादाच्या मनावर परिणाम झालाय, कुणाला तरी दाखवून घे.

मागच्या बोटीत एक आयरिश आजी राहतात, निवृत्त नर्स. बाबा आल्याचं कळल्यावर त्या ब्राउन ब्रेड घेऊन आल्या, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथं दुःखाच्या घरी असंच म्हणतात. बाबा घाईघाईनं म्हणाले, "नो ट्रबल, नो ट्रबल." आजी बसल्या, चहा प्यायल्या, आईचा फोटो पाहिला, आणि नुसती मान हलवून उठून गेल्या.

"बाई समजूतदार आहे," बाबा नंतर म्हणाले. "आली, बसली, जास्त बोलली नाही. आणि जाताना येते म्हणाली नाही. रीत माहीत दिसते."

त्या दोन आठवड्यांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब भाषण. मला आनंद झाला, आणि रागही आला. आजींच्या रीतीभातीवर चार वाक्यं, आणि माझ्या वाट्याला "साखर नको".

बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेत. सगळी नोकरी कालव्यावर गेली. कुठल्या गावाला पाण्याचं आवर्तन कधी, कुठल्या चारीचं दार कुणी रात्री चोरून उघडलं, यावर त्यांनी केस पांढरे केले. त्यामुळे माझ्या दारातून वाहणाऱ्या, खरं तर न वाहणाऱ्या, कालव्याकडे ते मालकाच्या नजरेनं पाहायचे. एकदा सकाळी काठावर उभे राहून त्यांनी विचारलं, "याचं पाणी कुठल्या गावाला जातं?"

"कुठल्याच नाही. हा बोटींसाठी आहे. पूर्वी माल न्यायचे, आता आम्ही राहतो."

"शेतीला?"

"शेतीला वरून पडतंच की रोज."

त्यांनी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे एवढा कालवा खणला," ते सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही नुसते तरंगता."

पिण्याचं पाणी भरायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला मला अधूनमधून बोट हलवावी लागते, आणि पश्चिमेकडे जाताना मध्ये लॉक लागतं. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दगडी हौद, पुढे-मागे लाकडी दारं. खालून आलं तर बोट रिकाम्या हौदात न्यायची, मागचं दार लावायचं, मग पुढच्या दाराच्या झडपा लोखंडी किल्लीनं फिरवून उघडायच्या, की वरचं पाणी आत येतं आणि बोट हौदाबरोबर वर चढते. परतताना उलट. हे करायला दोन माणसं लागतात, एक बोटीवर सुकाणू धरायला आणि एक काठावर. एरवी मी आजींना बोलावते. त्या शनिवारी त्या लेकीकडे गेल्या होत्या, म्हणून मी किल्ली बाबांच्या हातात दिली.

त्यांनी एकदाच विचारलं, "झडप कुठली आधी?" मग काही विचारलं नाही. हात मागे नेऊन दाराच्या लांब तुळईवर टेकवून, पाठीनं ढकलत त्यांनी दार लावलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली गोष्ट दिसली. ते खूश होते. मी हौदाच्या तळाशी होते, दोन्ही बाजूंना हिरव्या बुळबुळीत भिंती, वर आभाळाची एक पट्टी. बाबा दिसेनासे झाले. झडप उघडल्याचा आवाज आला, पाणी गर्जत आत यायला लागलं, आणि त्या आवाजाच्या वरताण बाबा ओरडले,

"तुझ्या आईला वांगं आवडायचं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"वांगं. भरली वांगी. मला आवडतात म्हणून करायची, आणि स्वतः नुसता रस्सा घ्यायची. मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं."

"कसं?"

"तिच्या भावानं सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी?"

मी हसायला लागले. तेवढ्यात पाणी चढलं, आधी त्यांचे बूट दिसले, मग गुडघे, मग हातातली किल्ली, आणि चेहरा समोर आला तेव्हा बाबा गप्प झाले. "दोर दे," एवढं म्हणाले. पाण्याच्या नळापर्यंत दोघंही मुके.

परतताना तेच लॉक उतरायचं होतं. सुरुवातीला बोट भरल्या हौदात, म्हणजे आम्ही समोरासमोर, म्हणजे शांतता. पाणी जायला लागलं. मी त्यांच्या कमरेपर्यंत खाली गेले, मग बुटांपर्यंत, आणि मग वरून आवाज आला, "आणि ती सिनेमाला झोपायची. पण नंतर गोष्ट मात्र मलाच सांगायची."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना मी दिसत नसले, की बोलता येतं.

पुढच्या शनिवारी पाण्याची टाकी भरलेली असताना मी म्हणाले, जरा पाणी भरून येऊ. बाबांनी टाकीच्या काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली घेतली. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. आम्ही असल्या गोष्टी बोलत नाही. त्यानंतर जून आणि जुलैचे सगळे शनिवार-रविवार आम्ही त्या लॉकमधून वर गेलो, वरच्या रुंद जागेत बोट वळवली, आणि खाली आलो. कधीकधी दिवसातून दोनदा. तळाशी उभी राहून मी आईविषयी अशा गोष्टी ऐकल्या ज्या तिनं मला कधी सांगितल्या नव्हत्या. ती लग्नाआधी सायकलवरून पडली होती आणि दोष बाबांच्या सायकलला दिला होता, जी तिथं नव्हतीच. माझ्या जन्माच्या वेळी तिनं डॉक्टरीणबाईंना फणसाची भाजी कशी करतात ते सांगितलं. बाबांच्या खात्यातल्या बदल्यांच्या यादीवर तिचं माझ्या शाळेपेक्षा बारीक लक्ष असे. मीही खालून सांगायचे. लग्न मोडल्याचं खरं कारण मी बाबांना हिरव्या भिंतीकडे तोंड करून, ओरडून सांगितलं. वरून जरा वेळानं आवाज आला, "बरं केलंस."

कालव्यावर राहणारी माणसं कुणाच्या भानगडीत नाक खुपसत नाहीत, पण त्यांना डोळे असतात. वरच्या बाजूला मासे धरायला बसणाऱ्या एका काकांनी चौथ्या-पाचव्या फेरीला टोपी मागे सारून विचारलं, "काही विसरलात का तिकडे?" मी म्हणाले, नाही, बाबांना लॉक आवडतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तुळईला पाठ लावून दार ढकलत होते आणि जरा आधी त्यांनी खालच्या हौदात मराठीत काहीतरी जोरजोरात सांगितलेलं काकांनी ऐकलं होतं. "ग्रँड," काका म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत "ठीक आहे", आणि पुन्हा गळाकडे वळले. आजींच्या मते काठावर सगळीकडे पसरलं होतं की युअर मॅन, म्हणजे आमचे बाबा, पाण्याची पूजा करतात. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

एवढं सगळं बोलणं झालं, पण ती संध्याकाळ त्यात आली नाही. बाबा गोष्टींत आईच्या कॉलेजपर्यंत मागे गेले, अगदी तिच्या शाळेपर्यंत, पण पुढे येताना दवाखान्याच्या दाराशी थबकायचे. आणि माझ्या तोंडातला प्रश्न तसाच होता. आता तर तो विचारायची मला भीती वाटायला लागली होती, कारण आता बाबा माझ्याशी बोलत होते. ते म्हणाले असते की तुला काय सांगायचं, तू तिकडे बोटीत, तर मग मी पुन्हा नमस्काराचे हात पाठवत बसले असते. पण न विचारता त्यांना परत पाठवणंही मला जमणार नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांचा व्हिसा संपत होता. ते आत बॅगेत आईचा फोटो बनियनमध्ये गुंडाळून ठेवायला लागले होते.

शेवटच्या रविवारी आम्ही वर चढायला निघालो. मी हौदात शिरले, बाबांनी मागचं दार लावलं, पुढे चालत गेले. झडप उघडली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि मी विचार करायला वेळ न ठेवता ओरडले,

"बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही मला झोपलीय असं का सांगितलंत?"

पाणी येत राहिलं. बोट चढत राहिली. मला त्यांच्या बुटांची टोकं दिसायला लागली. आता चेहरा येईल आणि संपेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यात खटखट आवाज झाला. बाबांनी किल्ली उलटी फिरवून झडप बंद केली होती. पाणी थांबलं. बोट अर्ध्यातच राहिली, मी खाली, ते वर, मध्ये ओल्या दगडाचा हातभर तुकडा. मागच्या दाराच्या फटीतून पाणी गळत होतं, त्यामुळे बोट अगदी सावकाश, कळेल न कळेल अशी, परत खाली जात होती.

"झोपलीच होती," वरून आवाज आला. ओरडायची गरज नव्हती आता, सगळं शांत होतं. "इंजेक्शन दिलं होतं. ते खोटं नव्हतं."

मी मान वर करून दगडाच्या कडेकडे पाहिलं.

"तुला सांगायलाच फोन लावला होता. बाहेर व्हरांड्यात उभा राहून दोनदा मनात म्हणून पाहिलं, काय बोलायचं ते. तू उचललास आणि म्हणालीस, द्या आईला." वर किल्ली दगडावर टेकल्याचा आवाज आला. "मग मला पुढचं येईना. पुढचं नेहमी तीच बोलायची. मी आजूबाजूला बघितलं, कुणाला द्यावा फोन."

मला तो व्हरांडा दिसला. मी तिथं कधी गेले नव्हते, तरी दिसला; बाबा फोन पुढे धरून उभे, आणि घ्यायला कुणी नाही. इतके महिने मी ज्या माणसावर रागावले होते, तो माणूस हा नव्हताच. मी सुकाणूला कपाळ टेकवून मनसोक्त रडले. बाबांना दिसत नव्हतं, पण ऐकू जात असणार, आणि जाऊ देत ऐकू, असं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं मी नाक पुसलं आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "काय बोलायचं ठरवलं होतंत?"

वर बूट हलले. बाबांनी घसा साफ केला, सरकारी बैठकीत उभे राहताना करायचे तसा.

"आईला दवाखान्यात आणलंय," ते म्हणाले. "छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणतात, बघू. ती तुझं नाव काढत होती. तू निघ."

बोट अजून थोडी खाली गेली होती. आता बूटही दिसत नव्हते.

"निघते, बाबा," मी म्हणाले.

"सावकाश ये," बाबा म्हणाले, आणि त्यांनी झडप पुन्हा उघडली.